वाचक विचारतात : सुट्टीचा तिसरा दिवस

या खेपेला आलेली बहुतेक पत्रे नोकरीविषयी आहेत आणि त्यांतल्या अनेकांचा सूर एकच आहे : काम सुटत नाही. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

प्रश्न : मी एकेचाळीस वर्षांचा असून एका सॉफ्टवेअर प्रकल्पाचा प्रमुख आहे. रोज अकरा-बारा तास काम करतो आणि ते मला मनापासून आवडते. पत्नीच्या मते मला कामाचे व्यसन लागले आहे. गेल्या सुट्टीत तिसऱ्या दिवशी ‘फक्त एकदा बघून घेतो’ म्हणून लॅपटॉप उघडला तो दुपारपर्यंत मिटला नाही आणि त्यावरून आमचे मोठे भांडण झाले. कामाची आवड आणि कामाचे व्यसन यांतला फरक ओळखायचा कसा?

उत्तर : आपल्या मूळ पत्राला ‘विषय’ होता, मुद्द्यांना अनुक्रमांक होते आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत मिळावे याचीही सूचना होती. ती तारीख आम्हाला पाळता आली नाही, याबद्दल क्षमस्व. हे थट्टेने लिहीत असलो तरी एक गोष्ट मात्र खरोखर जाणवली. साडेतीन पाने आपण प्रकल्पाविषयी लिहिले आहे. सुट्टीचे पहिले दोन दिवस कसे गेले याविषयी एक ओळही नाही.

‘वर्कोहोलिक’ हा शब्द रूढ केला तो वेन ओट्स या अमेरिकन धर्मोपदेशक-मानसशास्त्रज्ञाने. १९६८ साली त्याने या शब्दावर एक अर्धा विनोदी, अर्धा गंभीर लेख लिहिला आणि १९७१ साली याच विषयावर पुस्तक काढले, ते स्वतःची कबुली म्हणून. त्याच्या पाच वर्षांच्या मुलाने त्याला भेटण्यासाठी कार्यालयात वेळ मागितली तेव्हा आपले काय झाले आहे हे त्याला कळले, असे सांगितले जाते. मद्यपीच्या इंग्रजी नावावरून त्याने हा शब्द घडवला आणि त्यामागचा विचार स्पष्ट होता : व्यसन किती प्रमाणात आहे यापेक्षा ते सोडता येते का, हे महत्त्वाचे.

पुढच्या संशोधकांनी हाच धागा पकडला. नेदरलँड्समधील विल्मार शाउफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाच्या व्यसनाचे दोन पदर मानले. एक म्हणजे गरजेपेक्षा फार जास्त काम करणे आणि दुसरा म्हणजे आतून कुणीतरी हाकत असल्यासारखे काम करणे. दोन्ही पदर एकत्र असतील तरच त्याला व्यसन म्हणायचे. नुसते तास मोजले तर घरचा खर्च भागवण्यासाठी दोन पाळ्या करणारा माणूसही व्यसनी ठरेल, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारे होईल. याच गटाने कामातील समरसतेचेही, ज्याला कार्यालयांत ‘एंगेजमेंट’ म्हणतात, मोजमाप तयार केले. तिचे तीन घटक मानले जातात : काम करताना अंगात असणारा उत्साह, आपण करतो ते मोलाचे आहे ही भावना आणि कामात तल्लीन होणे. बाहेरून पाहणाऱ्याला समरस माणूस आणि व्यसनी माणूस सारखेच दिसतात. दोघेही उशिरापर्यंत बसलेले असतात आणि दोघांचाही चहा टेबलावर गार होत असतो. फरक असतो तो त्यांना खुर्चीवर बसवणाऱ्या गोष्टीत. पहिल्याला काम ओढून घेते. दुसऱ्याला काम न करण्याची अस्वस्थता ढकलत आणते.

म्हणूनच आपल्या पत्रातील बारा तासांपेक्षा सुट्टीचा तिसरा दिवस मला अधिक बोलका वाटतो. लॅपटॉप उघडण्याच्या आधीचा अर्धा तास आठवून पाहावा. त्या वेळी एखादी कल्पना सुचून ती करून पाहण्याची उत्सुकता होती, की छातीत एक प्रकारची रुखरुख, आपण कुणाला तरी फसवतो आहोत अशी टोचणी आणि मुलांच्या बोलण्याकडे नसलेले लक्ष, असे काही होते? आणि लॅपटॉप उघडल्यावर जे वाटले तो आनंद होता, की केवळ सुटका? समरस माणूससुद्धा सुट्टीत काम काढून बसतो, पण कुणी हाक मारली तर उठतो आणि उठल्यावर त्याचे मन मागे राहत नाही. कामाने पछाडलेल्या माणसाला काम बंद केल्यावर अपराधी वाटते आणि केल्यावर केवळ ते अपराधीपण थांबते. तेवढ्यालाच तो आवड समजू लागतो. आपल्याबाबतीत यांपैकी काय खरे आहे हे मी येथून सांगू शकत नाही.

थोडे अधिक काटेकोर उत्तर हवे असेल तर नॉर्वेतील बर्गन येथे तयार होऊन २०१२ साली प्रसिद्ध झालेली एक छोटी प्रश्नावली आहे. गेल्या वर्षभराविषयी तिच्यात सात गोष्टी विचारल्या आहेत. कामासाठी आणखी वेळ कसा काढता येईल याचा विचार करत राहिलात का. ठरवले होते त्याहून कितीतरी अधिक वेळ काम झाले का. अपराधीपणा, चिंता, असहायता किंवा खिन्नता कमी करण्यासाठी काम केले का. इतरांनी काम कमी करा म्हटले तरी कानाआड केले का. काम करण्यास मज्जाव झाला तर ताण आला का. छंद, विरंगुळा, व्यायाम मागे पडले का. आणि कामापायी प्रकृती बिघडली का. यांपैकी किमान चार प्रश्नांना ‘वारंवार’ किंवा ‘नेहमी’ असे उत्तर आले तर विषय गंभीरपणे घ्यावा, असे तिच्या कर्त्यांचे म्हणणे आहे. माझी एक सूचना अशी की ही प्रश्नावली आपण एकदा भरावी आणि आपल्याविषयीच ती पत्नीलाही भरायला द्यावी. दोन कागदांत जेथे तफावत दिसेल तेथूनच आपले खरे बोलणे सुरू होईल.

आणखी एक गोष्ट, जी आवडीवर अवलंबून नाही. रोज अकरा-बारा तास म्हणजे पाच दिवसांत पंचावन्न ते साठ तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासात आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांची तुलना केली आहे. दुसऱ्या गटात पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. हे मोठ्या लोकसमूहांचे आकडे आहेत आणि त्यांवरून कुणा एकाचे भविष्य काढता येत नाही. मात्र काम आवडते म्हणून शरीर तासांत सवलत देते, असे मानायलाही आधार नाही. काम मनापासून आवडणे आणि त्यात अडकणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात. अशा माणसाला समजावणे सर्वांत अवघड जाते, कारण ‘मला आवडते’ हे त्याचे उत्तर खोटे नसते.

प्रश्न : मी एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते. गेले चार महिने पहाटे सव्वातीनच्या सुमारास जाग येते. उशीखालचा फोन काढते, यांना जाग येऊ नये म्हणून त्याचा उजेड कमी करते आणि ई-मेल पाहते. उत्तर लिहून ते सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जाईल असे लावून ठेवते. बरोबर आठची वेळ दिली तर ते आधी लिहिल्याचे लक्षात येईल, अशी भीती वाटते. दिवसभर थकलेली असते. हा आजार आहे का? डॉक्टरांकडे जावे का?

उत्तर : डॉक्टरांकडे जावे. हे आधी लिहिले, कारण पुढचे वाचण्यापूर्वी आपण वेळ घ्यावी असे वाटते.

आता आजाराविषयी. कामाचे व्यसन हा स्वतंत्र आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात नाही आणि अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतही नाही. त्या पुस्तिकेत विरंगुळा आणि मैत्री यांचा बळी देऊन कामाला वाहून घेणे ही गोष्ट एका व्यक्तिमत्त्वविकाराच्या लक्षणांपैकी एक म्हणून येते, पण एका लक्षणावरून कुणी निदान करीत नाही. ‘बर्नआउट’ हा शब्द आपण पत्रात दोनदा वापरला आहे. मानसोपचाराच्या लिखाणात तो १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी आणला, तोही स्वयंसेवी दवाखान्यात झोकून देऊन काम करणाऱ्या माणसांविषयी लिहिताना. २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची नोंद आहे, मात्र ती आजार म्हणून नसून कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे : दीर्घकाळच्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणामुळे शक्ती संपून जाणे, कामापासून मन उडणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे.

मग जे आजारच नाही त्यासाठी डॉक्टर कशाला, असे वाटेल. कारण आपण सांगितलेल्या खुणा, म्हणजे पहाटे लवकर येणारी जाग आणि विश्रांतीने न जाणारा थकवा, या नैराश्यातही दिसतात आणि थायरॉइडच्या तक्रारींसारख्या शारीरिक कारणांनीही दिसू शकतात. ‘कामाचा ताण आहे’ असे स्वतःच ठरवून टाकले की या सर्व शक्यता तपासायच्या राहून जातात. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहत असेल किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नसेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जगणे नको असे कधी मनात आले, तर मात्र भेटीच्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगून मदत घ्यावी.

आणि आठ वाजून दहा मिनिटे. आपल्या पत्रातील याच तपशिलापाशी मी सर्वाधिक वेळ थांबलो. काम करणे हा अपराध नाही, तरीही आपण ते चोरून करीत आहात आणि त्याचा माग पुसत आहात. घरच्यांपासून आणि कार्यालयापासून एकाच वेळी लपवण्याचा हा खटाटोपच मनाला अधिक थकवत असावा. यजमानांना फोनचा उजेड दिसला नसेल, असे आपण धरून चालला आहात. मला तशी खात्री नाही.

दरम्यान एक लहान उपाय करून पाहता येईल. अर्धवट राहिलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मनात अधिक रेंगाळतात, असे निरीक्षण ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडले होते. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत असे दिसले की काम पूर्ण झाले नसले तरी ते केव्हा, कुठे आणि कसे करायचे याची नेमकी आखणी केली की त्याचे विचार मनात घुसणे कमी होते. म्हणून कार्यालय सोडण्यापूर्वीची दहा मिनिटे यासाठी राखून ठेवावीत आणि उरलेले प्रत्येक काम वेळेसह कागदावर लिहावे. ‘बिलांचे बघायचे’ असे मोघम लिहून उपयोग नाही. ‘उद्या साडेदहा वाजता पहिल्या तीन बिलांचा ताळा, आकडा न जुळल्यास खरेदी विभागाला फोन’ इतके स्पष्ट लिहावे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि जाग येण्यासाठी साधे घड्याळ आणावे. हे उपाय डॉक्टरांच्या जागी नाहीत, त्यांच्या जोडीला आहेत.

प्रश्न : मी मनुष्यबळ विभागात अधिकारी आहे. दरवर्षी आम्ही एंगेजमेंटची पाहणी करतो. यंदा ज्या टीमला सर्वाधिक गुण मिळाले तिच्यातीलच दोघे महिन्याभरात प्रकृतीच्या कारणाने दीर्घ रजेवर गेले. त्यांपैकी एकाला नुकताच ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ हा मान दिला होता. आम्ही ध्यानवर्ग आणि समुपदेशनाचे ॲप सुरू केले आहे. व्यवस्थापन विचारते की पाहणीत हे का दिसले नाही.

उत्तर : कारण पाहणीने बहुधा ते विचारलेच नसेल, किंवा विचारून त्याला चांगले गुण दिले असतील. आपल्या पाहणीचा नमुना मी पाहिलेला नाही, पण एक बोलके उदाहरण देतो. शाउफेली यांच्या ज्या मोजमापाचा वर उल्लेख आला, त्याच्या सतरा विधानांच्या आवृत्तीत ‘कामापासून स्वतःला वेगळे करणे मला कठीण जाते’ अशा आशयाचे एक विधान आहे. तल्लीन माणूस त्यावर ‘नेहमी’ अशी खूण करील. सव्वातीन वाजता उठून ई-मेल पाहणाऱ्या बाईसुद्धा तशीच खूण करतील. आणि बेरजेत दोघांचेही गुण वाढतील. २००६ साली आलेल्या नऊ विधानांच्या आवृत्तीत हे विधान नाही. आपल्या पाहणीत अशी दुधारी विधाने किती आहेत हे एकदा तपासावे आणि त्यांच्या जोडीला दोन साधे प्रश्न घालावेत : काम संपल्यावर मन कामातून बाहेर येते का, आणि रजा घेताना अपराधी वाटते का?

विल्यम कान यांचा १९९० सालचा शोधनिबंध हा एंगेजमेंटच्या अभ्यासाचा उगम मानला जातो. त्यांनी उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शकांचा आणि एका वास्तुरचना संस्थेतील माणसांचा अभ्यास केला होता. माणूस कामात स्वतःला ओततो त्यासाठी तीन गोष्टी लागतात, असे त्यांना आढळले : कामात अर्थ वाटणे, मोकळेपणाने वागले-बोलले तर आपले नुकसान होणार नाही ही खात्री आणि त्यासाठी अंगात व मनात शिल्लक असलेली ताकद. आपल्या पत्रावरून पहिली गोष्ट त्या टीममध्ये भरपूर असावी असे दिसते. तिसरी संपत चालली होती आणि दुसरी नसल्यामुळे ती संपत चालल्याचे कुणी बोलले नाही, असा माझा अंदाज आहे. कामाच्या मागण्या आणि त्या पेलण्यासाठी मिळणारी साधने यांचा मेळ मांडणारे जे प्रारूप २००१ साली पुढे आले, त्याच्या भाषेतही हेच सांगता येईल. मागण्या शक्ती खर्च करतात; कामावरचे स्वतःचे नियंत्रण, वरिष्ठांचा आधार, केलेल्या कामाविषयी मिळणारे स्पष्ट मत आणि सहकाऱ्यांची मदत ही साधने उमेद टिकवतात. साधने भरपूर असली की मागण्या कितीही वाढवता येतात, असा अर्थ मात्र त्यातून काढू नये. तसा अर्थ काढणारी व्यवस्थापने मी पाहिली आहेत.

ध्यानवर्गाला माझा विरोध नाही, पण त्याची वेळ आपण पत्रात लिहिली आहे : सायंकाळी साडेसहा. म्हणजे ज्यांचे काम साडेसहाला संपत नाही त्यांच्या कामात त्याने एका तासाची भर घातली. छप्पर गळत असताना घरातल्यांना छत्र्या वाटण्यासारखे हे आहे. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. व्यक्तीने ताण हाताळायला शिकणे त्यांत आहे, पण कामाचे स्वरूप, कामाचा बोजा आणि वेळापत्रक बदलणे तसेच व्यवस्थापकांना प्रशिक्षण देणे यांनाही त्यांत जागा आहे. नैराश्य आणि चिंता यांपायी जगभरात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, असा अंदाज त्याच वेळी मांडला गेला होता. व्यवस्थापनाला आकड्यांचीच भाषा समजत असेल, तर हा आकडा त्यांच्यापुढे ठेवावा.

याहूनही उपयोगी पडेल असे एक उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांचे, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, तास आणि उत्पादन यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी त्या नोंदी पुन्हा तपासून २०१४ साली जे मांडले त्यानुसार, एका मर्यादेपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते, पण पुढे वाढीचा वेग मंदावत जाऊन आठवड्याला ७० तास काम केल्यावर होणारे उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनापेक्षा फारसे वेगळे राहत नव्हते. तोफगोळे मोजता येतात म्हणून हे दिसले. अहवाल, आराखडे आणि निर्णय यांची अशी मोजदाद होत नाही, त्यामुळे वरचे चौदा तास वाया जात असले तरी ते निष्ठेच्या खात्यात जमा होतात आणि त्यांना महिन्याचा मान मिळतो.

या मानाविषयी थोडे स्पष्ट लिहितो. तो ज्या कारणासाठी दिला ते प्रशस्तिपत्र पुन्हा वाचावे. ‘रात्रंदिवस’, ‘सुट्टीची पर्वा न करता’, ‘एकहाती’ असे शब्द त्यात असतील, तर टीममधील उरलेल्यांनी त्यातून काय शिकायचे ते शिकून घेतले आहे. पुढील तीन महिने आपण चार गोष्टींची नोंद ठेवावी. कुणाची रजा शिल्लक राहते. रजेवर गेलेल्याचे काम खरोखर कुणी करते की ते त्याच्या टेबलावर साचून राहते. रात्री नऊनंतरचे निरोप कुणाकडून निघतात. आणि नवे काम नेहमी त्याच दोघा-तिघांकडे का जाते. तिसऱ्या नोंदीत बहुतेक वेळा व्यवस्थापकाचेच नाव सापडते. ‘सकाळी बघितले तरी चालेल’ असे त्याने निरोपाखाली लिहिले असले तरी ते वाचायला माणसाला रात्रीच फोन हातात घ्यावा लागलेला असतो. फ्रान्सने २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काविषयी कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करणे बंधनकारक केले. कायदा असो वा नसो, असा नियम आपल्या विभागापुरता आपणही करू शकता. तो आधी वरिष्ठांनी पाळला तरच टिकेल.

रजेवर गेलेले दोघे परत येतील तेव्हा त्यांच्या स्वागताचा समारंभ करू नये. कोणते काम कायमचे दुसऱ्याकडे गेले आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी लिहून द्यावे.

प्रश्न : माझे वय सव्वीस. मी ठरलेले आठ तास नीट काम करते आणि घरी येते. कामाविषयी मला विशेष प्रेम नाही. सहकारी ‘पॅशन’विषयी बोलतात तेव्हा आपल्यात काहीतरी कमी आहे असे वाटते. यावर उपाय काय?

उत्तर : उपायाची गरज दिसत नाही. ठरलेले काम नीट करणे हा करार आहे आणि तो आपण पाळत आहात. प्रेमाची अट त्यात नसते. काम संपल्यावर मनानेही कामातून बाहेर पडता येणे हे विश्रांतीचे एक महत्त्वाचे अंग आहे, असे या क्षेत्रातील संशोधक मानतात. आपल्या सहकाऱ्यांपैकी कितीजणांना ते जमते, हे विचारून पाहावे. मात्र काम नुसते नावडते नसून दिवसभर कंटाळ्याने जीव मेटाकुटीला येत असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे आणि त्याविषयी पुन्हा सविस्तर लिहावे.

प्रश्न : आमची आई एका शिक्षणसंस्थेत प्राचार्य आहे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेराव्या दिवशी ती कामावर रुजू झाली आणि तेव्हापासून थांबलेली नाही. सुट्टीच्या दिवशीही कार्यालय उघडून बसते, रात्री फायली घरी आणते. मी आणि धाकटा भाऊ सांगून थकलो. ‘मला काही झालेले नाही, मला कामात बरे वाटते,’ असे ती म्हणते. बाबांचे कपाट अजून कुणी उघडलेले नाही. तिला हे व्यसन आहे हे पटवायचे कसे?

उत्तर : पटवू नका, निदान या शब्दाने तरी नाही. आपण आईला व्यसनी म्हणालात की ती स्वतःचा बचाव करू लागेल, आणि प्राचार्यांशी वादात जिंकणे सोपे नसते, हे आपल्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे माना. त्यांना कामात बरे वाटते. पहिल्या उत्तरात ज्या प्रश्नावलीचा उल्लेख केला तिच्यातील तिसरी गोष्ट हीच आहे : खिन्नता आणि असहायता कमी व्हावी म्हणून काम करणे. दुःखाच्या पहिल्या काळात कामाने माणसाला सावरल्याची उदाहरणे मी अनेक पाहिली आहेत, आणि तेव्हा ते काढून घेणे क्रूरपणाचे ठरले असते. तेथे निदान कुणीतरी त्यांना विचारत होते, कुणाला तरी त्यांची गरज होती, आणि सायंकाळी घराचे कुलूप उघडण्याची वेळ थोडी लांबत होती. आता दोन वर्षे झाली आहेत. काम तेच आहे, पण औषधाचा डोस हळूहळू वाढत गेला आहे.

त्यामुळे ‘काम कमी कर’ या मागणीच्या जागी दुसरे काहीतरी द्यावे लागेल. मोकळा वेळ नुसता दिला तर त्यात त्या एकट्या आणि बाबांची खुर्ची एवढेच उरते. आठवड्यातील एक ठरावीक संध्याकाळ आपल्यापैकी एकाने त्यांच्याकडे जावे, आणि तेव्हा त्यांच्या प्रकृतीची चौकशी न करता बाबांविषयी बोलावे. आपण पत्रात बाबांविषयी जेमतेम दोन वाक्ये लिहिली आहेत, म्हणून असे वाटते की घरात तो विषय तिघेही टाळत आहात. आईने कामाची आड घेतली, आपण दोघांनी आईच्या कामाची. झोप उडाली असेल, जेवण कमी झाले असेल किंवा कामावरूनही चुकांच्या तक्रारी कानी येत असतील, तर डॉक्टरांकडे नेण्याचा आग्रह जरूर धरावा. तेव्हा कारण झोपेचे सांगावे, कामाचे नको. पुढे शोकाविषयी बोलण्याचा अनुभव असलेल्या समुपदेशकांकडे जाणे त्यांना कदाचित त्याच दारातून सोपे जाईल.

कपाट आईने एकटीने उघडावे अशी अपेक्षा ठेवू नका आणि त्यांच्या माघारी ते आवरूनही टाकू नका. एखादी दुपार आधी सांगून ठरवा आणि त्या दुपारी तिघेही घरी थांबा. एकच कप्पा उघडला तरी पुरे. मध्येच त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी तो उचलला, तर उचलू द्या; बोलणे संपेपर्यंत तेथेच बसून राहा.